हिरव्या पट्ट्याचे बाण

"आखूड आहेत," बेद्री स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने हातातली काडी पुन्हा एकदा वेहबीच्या जुन्या बाणाला लावून बघितली.

चांगली चार बोटं आखूड. एखादी असती तर म्हटलं असतं, चुकून झालं. पण जुडीतल्या सगळ्याच तशा. खाली भट्टीवर हरभरे तडतडत होते, त्यांची धग फळ्यांच्या फटींतून माळ्यावर येत होती, आणि बेद्री चष्मा कपाळावर चढवून, मांडी घालून त्या पाइनच्या काड्यांपुढे डोकं धरून बसला होता.

काड्या कुणी केल्या हे विचारायचीही गरज नव्हती. अख्ख्या तावशानली गावात अशी काडी करणारा माणूस एकच, सुतार वेहबी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जराशी भरलेली, बोटावर आडवी ठेवली तर आपला आपण तोल सांभाळणारी. लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे तुटायची नाही. असला माणूस मापात चुकतो म्हणजे काय? आणि तेही स्वतःच्याच बाणांच्या?

कारण हे बाण वेहबीचे स्वतःचे, याबद्दल बेद्रीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सकाळी चहावाला हमदी जुडी घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, "वेहबी उस्तादने दिल्यात. म्हणाला, ही शेवटची जुडी, नीट कर म्हणावं. कुणाची ते बघितल्यावर कळेल त्याला."

"माझं नाव घेऊन म्हणाला?"

"नाव कुठलं घेतोय. 'त्या भडभुंज्याला दे' म्हणाला."

"मग ठेव तिथे पोत्यावर."

"आणि तुमचे निरोप पोचवून पोचवून माझ्या चपला झिजल्या त्याचं काय?" हमदीने रिकामे ग्लास ताटलीत गोळा केले. "मी चहा वाहतो की टपाल, तेच कळेनासं झालंय. सोमवारी चाललाय तो इझमिरला, मुलीकडे. कायमचा. घराला कुलूप. तेवढं तरी ध्यानात आहे ना?"

ध्यानात होतं. हल्ली त्याखेरीज दुसरं काही बेद्रीच्या ध्यानात राहतच नव्हतं. जायच्या आधी वेहबीने एकदा आपल्याशी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. माफीबिफी काही नको. नुसती 'बेद्री' म्हणून हाक मारली असती तरी पुरे होतं. पण पहिली हाक त्याची हवी, कारण पहिला घाव त्याचा होता. यावर बेद्री अडून बसला होता, आणि सोमवार काही त्याच्यासाठी अडून बसणार नव्हता.

घाव म्हणजे काय, तर ऐका. गावाबाहेर ओढ्यापलीकडे कुरण आहे. रविवारी तिथे बाण मारणारी मंडळी जमतात. कुणी शिंपी, कुणी बस चालवून निवृत्त झालेला, कुणी शाळामास्तर. बाण सगळ्यांचे घरचेच. काडी, खाच आणि टोक वेहबीचं; घासणं, लाखेचं पॉलिश, पट्टे आणि पिसं बेद्रीची. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून हे असंच चाललेलं. बाण कुणाचा ते लांबून कळावं म्हणून प्रत्येकाचे पट्टे वेगळे, आणि तेही बेद्रीनेच ज्याच्या त्याच्या स्वभावाला शोभतील असे ठरवलेले. वेहबीचा रुंद हिरवा, त्याच्या दोन्ही अंगांना बारीक पांढरा. बेद्रीचे स्वतःचे दोन डाळिंबी. तर गेल्या वर्षी चेरीच्या हंगामात बुर्साहून पाहुणे आले होते. त्यांच्यादेखत वेहबीचे बाण एकामागून एक निशाणाच्या अलीकडेच लोळले. पाहुण्यांपैकी कुणीतरी सहज विचारलं, काय झालं उस्ताद? आणि हा गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाला, "होणार काय? आमचा हा भडभुंज्या बाणावर रंगाचे थरावर थर चढवतो. नवरीला मेंदी काढावी तसा. एवढं ओझं घेऊन बाण जाणार किती?"

लोक हसले. बेद्रीनेही हसल्यासारखं केलं, धनुष्य पिशवीत घातलं आणि तो घरी आला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे जाऊन त्याने एक कोरी काडी काट्यावर ठेवली. मग तीच रंगवून, वाळवून पुन्हा नेली. काटा हलला न हलला. सोनार म्हणाला, "बेद्री, यात तोलण्यासारखं काय आहे रे?"

खरं कारण कुरणावर सगळ्यांना ठाऊक होतं. वेहबीचा उजवा खांदा गेला होता. दोरी कानापर्यंत येतच नव्हती. पण त्याची बायको मुनिरे नुकतीच वारली होती, आणि त्यात आणखी हे कोण बोलणार? बेद्रीही बोलला नाही. सोनाराच्या काट्याचं त्याने स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मूग गिळून बसला. वेहबीशी बोलणं मात्र त्याने तोडलं ते तोडलंच.

आणि वेहबी तरी काय कमी? त्याने हमदीच्या दुकानात बसून भरल्या ग्लासावर हात ठेवून शपथ घेतली की त्या भडभुंज्यासाठी पुन्हा काडी केली तर माझे हात झडतील. झालं. पण काम कुठे थांबतंय? दुसऱ्यांच्या काड्या हमदीच्या हस्ते येत राहिल्या, रंगवून जात राहिल्या. बेद्रीचे स्वतःचे बाण तेवढे तुटत, सांधत, पुन्हा तुटत चार-दोनच उरले. म्हणूनच या आखूड काड्या स्वतःच्या हाताशी लावून बघाव्यात हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माणूस रुसला की त्याचं निम्मं डोकं रुसण्यातच खर्ची पडतं.

तो खाली आला, भट्टीपुढे उभा राहिला आणि हरभरे परतता परतता त्याला एक फार गोड विचार सुचला. आपण हमदीकडे जायचं. एक चहा घ्यायचा. आणि ग्लास खाली ठेवता ठेवता सहज म्हणायचं, वेहबी मापात चुकला बरं का. बस. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. पाहुण्यांसमोरचं सगळं व्याजासकट फिटेल.

दुपारभर हा विचार त्याने गोळीसारखा चघळला. पण हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढे वेहबीचं घर यायला लागलं. भिंतीला टेकवलेली मापाची अक्रोडाची काठी, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची एक खूण. ती खूण अंगठ्याने चाचपणारा वेहबी. घरात दुसरं कुणी नाही, निम्मं सामान खोक्यांत बांधलेलं, आणि सुतारकामाचा बाक तेवढा शेवटपर्यंत न आवरता उभा ठेवलेला. नजर फसली असणार. आणि आपली नजर फसली हे त्याला कळलंसुद्धा नसणार. बेद्रीने हरभऱ्यांखालचा जाळ कमी केला.

संध्याकाळी त्याची बायको सेनिहा गल्ल्यावरून उठली आणि गरम सूप घेऊन माळ्यावर आली. शिडीच्या वरच्या पायरीवरच बसली, कारण पुढे यायला जागा नव्हती. सगळीकडे पिसं, वाट्या, फडकी.

"काय ठरलं, एफेंदी? रंगवणार की परत पाठवणार?"

"रंगवणार. त्याच्या पट्ट्यांत."

"त्याचेच आहेत हे कशावरून?"

"शेवटची जुडी म्हणाला ना. तिकडे घेऊन जायची असेल. आठवण म्हणून."

"मग जाऊन विचार की एकदा. दोन गल्ल्या तर ओलांडायच्यात."

"मी का विचारू? तो बोलला होता. तोंड त्याने उघडलं होतं."

"आणि तू मिटलंस. फार मोठा पराक्रम केलास." सेनिहाने सूपाची वाटी त्याच्या हातात दिली. "पोराटोरांचं भांडण जेवणाच्या वेळेपर्यंत टिकत नाही. तुमचं वर्ष झालं, त्याला लोणच्यासारखं मुरवत ठेवलंत. तो गेल्यावर कुणावर रुसणार आहेस? मला नाही वेळ."

बेद्रीने सूप संपवलं.

काम त्याने नेहमीच्याच निगुतीने केलं, उलट जरा जास्तच. आधी काडी ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात. वाळली की बारीक पॉलिश पेपरने ते उतरवायचे. पुन्हा पुसायची, पुन्हा उतरवायचे, हात फिरवल्यावर काही लागेनासं होईपर्यंत. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने, एकाच दिशेने, हात न थांबवता. ओल्या हवेत लाखेवर पांढुरकी साय धरते, पण भट्टीवरच्या या माळ्यावर दमट हवेची काय बिशाद. फुटाण्यांचा वास तेवढा बाणांना कायमचा लागायचा. बुर्साचे लोक त्यावरून चेष्टा करायचे, की तावशानलीचा बाण लागला तर माणूस मरत नाही, त्याला भूक लागते.

एरवी तो लाखेचे चार हात द्यायचा. गेल्या वर्षीपासून दोनच देत होता, कुणी न सांगता. वेहबीच्या या जुडीला त्याने पुन्हा चार दिले. इझमिरला समुद्राची हवा, लाकूड ओल धरेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला तो बाण हातातून सोडवत नव्हता.

पट्टे काढायला बसला तेव्हा रात्रीचा नमाज अजून व्हायचा होता. दोन ठोकळ्यांच्या खाचांत काडी आडवी ठेवायची, डाव्या हाताने ती फिरवायची आणि उजव्या हातातला कुंचला हलूच द्यायचा नाही. पट्टा कुंचला काढत नाही, फिरणारी काडी काढते. आधी पांढरा, मग हिरवा, मग पुन्हा पांढरा. हिरवा तो स्वतः कालवायचा, डब्यातला त्याला आवडत नसे. वेहबी तरुणपणी उंचच्या उंच, सरळसोट, थोडा अंधारलेला असा माणूस होता. त्याला पाहून बेद्रीला जंगलाच्या कडेचं झाड आठवलं होतं, म्हणून हिरवा. हे त्याने वेहबीला कधी सांगितलं नव्हतं. पिसं चिकटवताना मात्र त्याचा हात एकदम थांबला.

आखूड बाण पुरता ओढला तर त्याचं टोक धनुष्याच्या आत येतं. आणि दोरी सुटली की तो धरलेल्या हातातच घुसतो. कुरणावर नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच शिकवतात. एरवी वेहबीचा खांदा कुठे पुरता येतोय. पण रविवारी निरोपाचा कार्यक्रम होता. सगळं गाव बघायला येणार. हा हट्टी माणूस दातओठ खाऊन त्या दिवशी नेमका पुरता ओढायला गेला तर?

म्हणजे आता आपल्याला बोलावं लागणार. आपल्यालाच, आणि आधी. बेद्रीला याचा इतका राग आला की त्याने पिसांची वाटी दूर सारली, आणि मग थोड्या वेळाने पुन्हा जवळ ओढली.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. शिंप्याच्या बायकोने पिलावाचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं, हमदीने बंब आणला होता, आणि खुर्ची एकच होती, ती वेहबीसाठी. वेहबी कोट घालून, टाय बांधून तिच्यात बसला होता. शेजारी त्याची मुलगी गुल्तेन, इझमिरहून गाडी घेऊन आलेली. लांब निशाणापाशी, मातीच्या बांधाआड सामी उभा होता. सामी नगरपालिकेच्या बागेत माळी आहे, पण त्याचा आवाज अजान देणाऱ्या मुअज्जिनला लाजवणारा, म्हणून बाण ओळखायचं काम त्याचं. बाण पडला की तो बाहेर येतो, पट्टे बघतो आणि नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्याने हात वर करायचा. कुरणाचा रिवाजच आहे तो.

बेद्रीने टॉवेलात गुंडाळलेले बाण वेहबीच्या मांडीवर ठेवले आणि तो मागे सरकून चुलीपाशी जाऊन उभा राहिला. बोलायचं ठरवून आला होता. जीभ उचलेना.

वेहबीने टॉवेल उलगडला. बाणावरून अंगठा फिरवला. लाखेवरून तो हळूहळू वर सरकत पट्ट्यांपाशी आला आणि तिथे थांबला. वेहबीने दुसरा बाण बघितला, मग तिसरा. मग मान वर करून चुलीकडे बघितलं.

"हे माझे पट्टे आहेत," तो म्हणाला.

वेहबी उठला. गुल्तेन म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" पण त्याने धनुष्य उचललं होतं आणि एक बाण दोरीला लावला होता. बेद्री पातेल्याला वळसा घालून जवळजवळ धावतच पुढे आला.

"पुरता ओढू नकोस," तो म्हणाला. "आखूड आहेत. हात फुटेल."

शिंप्याच्या बायकोचा डाव पातेल्यात तसाच राहिला. हमदीने बंबाची तोटी बंद केली, ऐकू यावं म्हणून.

"आखूड आहेत ते मला माहीत आहे," वेहबी म्हणाला. "मीच कापलेत."

"होतं असं कधीतरी. दिवस कमी होते, सामान बांधायची घाई. खूण चुकली असेल."

"खूण चुकली?" वेहबीने धनुष्य खाली केलं. "मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून रंधा धरतोय मी. मी चुकेन मापात?"

"मग चार बोटं गेली कुठे?"

"हात पुढे कर."

"कशाला?"

"पुढे कर म्हणतो. वर्षभरात बहिरा पण झालास काय?"

बेद्रीने हात पुढे केला. वेहबीने बाणाची खाच त्याच्या छातीच्या मधोमध टेकवली आणि काडी त्याच्या हातावर ठेवली. टोक बरोबर बोटांच्या शेवटाशी आलं. नख मागे नाही, नख पुढे नाही.

बेद्रीने बघितलं. शिंप्याने, मास्तरांनी, सगळ्यांनीच माना वाकवून बघितलं. हमदी हळूच म्हणाला, "या अल्ला. आणि हे मी पोचवलं."

"तुझे आहेत, गाढवा," वेहबी म्हणाला. "तुझ्या त्या सांधलेल्या बाणांची मला लाज वाटते. म्हटलं, जायच्या आधी एक जुडी करून द्यावी. आखूड काड्या बघितल्या की कळेल त्याला, एवढ्या आखूड हाताचा गावात दुसरा आहे कोण. आणि तू बसलास त्यावर माझे पट्टे काढत."

"सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? तू बोलत होतास का?"

"तू म्हणाला होतास, हात झडतील."

वेहबीने धनुष्य काखेत धरलं आणि दोन्ही पंजे त्याच्यापुढे उघडे केले, आधी तळवे, मग मागची बाजू. "झडलेत? बघ."

बेद्रीला हसू आलं, आणि त्याबरोबरच डोळ्यांत पाणीही आलं. त्याने ते चुलीच्या धुरावर ढकललं, चूल मागे बरीच लांब राहिली होती तरी. "दे इकडे," तो म्हणाला. "खरवडून माझे डाळिंबी काढतो. एका दिवसाचं काम."

"थांब जरा. माझे पट्टे आहेत तोवर मला मारू दे."

त्याने पाय रोवले. दोरी ओढली. ती छातीपर्यंत आली आणि तिथे थांबली, आणि वेहबीची मान लाल झाली तरी पुढे येईना. बाणाचं टोक धनुष्याच्या बाहेरच, अगदी जागच्या जागी राहिलं. बेद्रीने ते पाहिलं. ठेंगण्या माणसाच्या हाताला कापलेला बाण आता या उंच माणसालाही पुरत होता. यापेक्षा दोरी पुरती येऊन हात फुटला असता तरी बरं, असं क्षणभर त्याला वाटून गेलं.

बाण सुटला आणि निशाणाच्या बराच अलीकडे गवतात रुतला. सामी बांधाआडून आला, वाकला आणि त्याने पुकारलं, "वेहबी उस्ताद!"

वेहबीने हात वर केला. डावा. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.

मग तो सगळ्यांकडे वळला. "गेल्या साली मी इथे पाहुण्यांसमोर एक बोललो होतो. रंगाने बाण जड होतो म्हणून. ते खोटं होतं. रंगात काही नव्हतं. खांदा गेलाय माझा, तेव्हाच गेला होता. मला ते म्हणवलं नाही, म्हणून याच्यावर टाकलं."

एवढं बोलून तो खुर्चीत बसला. कुणी कुणाकडे बघेना. बेद्रीला सोनाराचा काटा आठवला. वर्षभर तो काटा त्याने मनात जपून ठेवला होता, याच दिवसासाठी.

"नाही," तो म्हणाला. "त्या खेपेला रंग जरा जाडच झाला होता. लाख घट्ट कालवली गेली होती माझ्याकडून."

वेहबीने त्याच्याकडे बघितलं. "खोटारडा," तो म्हणाला.

"असू दे."

"घे, मार आता. बघू कसे गेलेत."

बेद्रीने बाण लावला, ओढला, सोडला. असा बाण त्याच्या हातून कित्येक दिवसांत गेला नव्हता. चामड्याच्या निशाणावर तो बसल्याचा आवाज इथवर आला. सामी पुढे गेला, त्याने पट्टे बघितले आणि नेहमीच्या सवयीने आभाळाकडे तोंड करून पुकारलं, "वेहबी उस्ताद!"

अख्खं कुरण हसलं. आणि बेद्री काही म्हणायच्या आत खुर्चीतून वेहबीचा डावा हात वर गेला. मग पुढच्या बाणालाही तसंच झालं, त्याच्या पुढच्यालाही. बेद्री मारत होता, सामी वेहबीचं नाव पुकारत होता आणि वेहबी खुर्चीत बसून गंभीर तोंडाने हात वर करत होता. पिलाव गार झाला तरी कुणी जेवायला उठलं नाही. गुल्तेन म्हणाली, "बेद्रीकाका, बाबा आईनंतर आज हसले." तेव्हा बेद्रीला पुढचा बाण लावायला थोडा वेळ लागला.

सोमवारी सकाळी तो गरम फुटाण्यांची पिशवी घेऊन गाडीपाशी गेला. वेहबीने काच खाली केली.

"पट्टे बदल."

"बदलतो."

"नाहीतर बसशील आळस करत."

"बदलतो म्हटलं ना. तू तिकडे जिने चढताना दम खात जा. आणि फोन कर."

"तू उचलशील का पण?"

"बघू," बेद्री म्हणाला. गाडी वळणापर्यंत गेली, वळली, आणि तो दुकानात परत येऊन भट्टीपुढे उभा राहिला.

त्या आठवड्यात तो एकदा माळ्यावर गेला. डाळिंबी रंग कालवला. एक बाण ठोकळ्यांवर ठेवला आणि खरवडणी घेतली. सेनिहा शिडीवरून बघत होती. खरवडणी हिरव्या पट्ट्यावर टेकली आणि तशीच राहिली. मग बेद्रीने ती पुसून डब्यात ठेवली आणि डाळिंबी रंगावर झाकण लावलं. सेनिहाने त्याला काही विचारलं नाही. तिच्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट.

पुढच्या रविवारी धुकं होतं. मोजकीच मंडळी आली होती. खुर्ची कुणी आणलीच नव्हती. बेद्रीची पाळी आली, त्याने बाण सोडला आणि धुक्यातून निशाणाचा तो आवाज आला. सामी बांधाआडून बाहेर आला, वाकला आणि त्याने पुकारलं, "वेहबी उस्ताद!"

आणि लगेच त्याला चूक कळली. तोंडावर हात ठेवून तिथेच उभा राहिला. इकडे शिंपी खाली बघायला लागला, मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नाव पुकारलं गेलं होतं, आणि हात वर करायला कुणी नव्हतं.

बेद्रीने धनुष्य उजव्या हातात घेतलं आणि डावा हात वर केला. सामीला दिसेपर्यंत तो तसाच ठेवला. मग सामीने बाण उपटला, पुसला, आणि पुढच्या माणसाला मारायची खूण केली.